एप्समचा ओला माळ

विलायतेस जाणाऱ्या प्रवाशाने काय काय पाहावे याच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध झालेल्या आहेत; परंतु शर्यत नसताना शर्यतीचे मैदान पाहावे असे त्यांपैकी एकीतही लिहिलेले आमच्या वाचनात नाही. तथापि गेल्या मे महिन्यात लंडनमध्ये आमचा मुक्काम असता, एका झिमझिम पावसाच्या सकाळी ब्रिटिश म्युझियमचा बेत रहित करून आम्ही आमच्या भाच्यासह लंडन ब्रिज स्टेशनावर टॅटनहॅम कॉर्नरच्या गाडीत बसलो. डबा जवळजवळ रिकामा होता. डर्बीच्या शर्यतीस अद्याप तीन आठवडे अवकाश होता.

या सहलीस जे कारण होते ते सहलीसारखे आनंदाचे नव्हते. पुण्याहून निघण्यापूर्वी आमच्या धाकट्या भगिनीने, म्हणजे या भाच्याच्या मातोश्रींनी, आम्हांस एकांती गाठून सांगितले होते, "दादा, दोन वर्षे झाली, तिकीट पाठवतो पाठवतो म्हणतो आणि पाठवीत नाही. पगार चांगला आहे, व्यसन नाही. मग पैशाचे करतो तरी काय, तेवढे पाहून ये. रागावू मात्र नकोस." पहिले चार दिवस आम्ही त्यास काही विचारले नाही. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "मामा, तुम्हांला एक जागा दाखवायची आहे. बाकीचे तेथे गेल्यावर सांगतो."

एप्सम हे गाव लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यात, खडूच्या टेकड्यांवर वसलेले आहे. या टेकड्यांस तेथे 'डाऊन्स' म्हणतात; नाव उताराचे आणि जागा चढाची, ही इंग्रजी भाषेची मौज आहे. हा माळ लोकांस फिरण्यास मोकळा आहे. कुत्री घेऊन निघालेले वृद्ध गृहस्थ, घोड्यांस फेरी देणाऱ्या मुली आणि आमच्यासारखे दोन छत्रीवाले, एवढीच त्या दिवशीची गर्दी. माळावर ती पांढरी कुंपणे घातलेली, घोड्याच्या नालासारखी वळलेली गवताची धावपट्टी. पलीकडे प्रेक्षकांची उंच गॅलरी. १७८० साली डर्बीची पहिली शर्यत येथे झाली आणि डायोमेड नावाच्या घोड्याने ती जिंकली. तिच्या आधीच्या वर्षी येथेच घोड्यांच्या तरुण माद्यांसाठी 'ओक्स' सुरू झाली होती. न्यूमार्केटच्या दोन गिनी शर्यती आणि डाँकास्टरची सेंट लेजर मिळून या पाच शर्यतींस इंग्रज लोक 'क्लासिक' म्हणतात. त्यांत उड्या मारण्याचे अडथळे नाहीत. तीन वर्षांच्या घोड्यांनी सपाटीवर धावावयाचे, एवढेच. सपाटी हा शब्द मात्र एप्समपुरता वाचकांनी जपून घ्यावा.

आम्ही माळ ओलांडून प्रथम शर्यत सुटते त्या ठिकाणी गेलो. तेथून दीड मैलाची दौड. आरंभीच शे-सव्वाशे फुटांचा चढ, मग माथ्यावरून डावीकडे वळत वळत उतार, उताराच्या पायथ्याशी टॅटनहॅम कॉर्नरचे ते प्रसिद्ध वळण, आणि मग अर्ध्या मैलास थोडी कमी अशी सरळ पट्टी. तीही सरळ नावापुरतीच. प्रेक्षकांच्या बाजूकडून आतल्या कुंपणाकडे ती अशी कलती आहे की, दमलेला घोडा आपोआप खाली घसरत जातो. पाणीही तसेच घसरते. म्हणून पाऊस फार झाला म्हणजे जाणते जॉकी आतली जवळची वाट सोडून मुद्दाम प्रेक्षकांच्या बाजूच्या उंच कडेने येतात. वाट थोडी लांबते, पण पायाखाली जमीन मिळते.

भाच्याने छत्री मिटली व तिचे टोक गवतात रोवले. माथ्याजवळ ते बोटाच्या एका पेराएवढे शिरले. "खडूची जमीन आहे, पाणी धरून ठेवीत नाही," तो म्हणाला. नंतर खाली आतल्या कुंपणाशी त्याने तेच केले; तेथे ते चार बोटे गेले आणि काढताना पांढुरका चिखल घेऊन वर आले. पूर्वी मैदानाचे अधिकारी असेच काठीने किंवा बुटाच्या टाचेने जमीन पाहत आणि आपला निर्णय सांगत. आता त्यासाठी 'गोइंगस्टिक' नावाची विद्युत् काठी आहे. ती जमिनीत खुपसण्यास किती जोर लागला आणि खुपसल्यावर कलती ओढताना माती किती अडली, अशी दोन मापे ती घेते. मैदानभर अनेक जागी घेतलेल्या मापांची सरासरी काढतात. आकडा मोठा तितकी जमीन कठीण. तथापि लोकांस सांगावयाचे ते जुन्याच शब्दांत: हार्ड, फर्म, गुड, सॉफ्ट, हेवी, व त्यांच्या अधल्यामधल्या छटा. हेवी म्हणजे आपल्या भातखाचराची धाकटी बहीण.

जमीन भिजली म्हणजे नेमके काय होते, हे आम्ही त्यास विचारले. त्याने जे सांगितले ते एखाद्या शिक्षकासारखे स्वच्छ होते. कोरड्या, लवचिक हिरवळीवर खूर टेकतो आणि जमीन त्यास परत उसळून देते. चिखलात तो रुततो. प्रत्येक ढांगेस तो उपसून काढावा लागतो आणि ती शक्ती वेगातून वजा होते. जमिनीलगत लांब, सपाट ढांगा टाकणारा चपळ घोडा येथे हतबल होतो. गुडघा उंच उचलून, मोठा खूर दाबून टाकणारा थोराड घोडा पुढे येतो. दीड मैलाची शर्यत पावणेदोन मैलांएवढी दमविते. काही घराण्यांची शिंगरे चिखलात आजोळी आल्यासारखी धावतात, काहींस त्याचा वीट असतो. आकड्यांत सांगावयाचे तर २०१० साली कोरड्या जमिनीवर वर्कफोर्स नावाच्या घोड्याने ही डर्बी २ मिनिटे ३१.३३ सेकंदांत जिंकली. १९८३ च्या वसंत ऋतूत इतका पाऊस झाला होता की, त्या वर्षी टीनोसोस त्याच वाटेस २ मिनिटे ४९.०७ सेकंद लागले. सुमारे अठरा सेकंदांचा फरक! एवढ्या वेळात चांगला घोडा सुमारे तीनशे यार्ड जातो.

आपल्या वाचकांस जवळचे उदाहरण द्यावयाचे तर पुण्यास व मुंबईस ज्यांचे वास्तव्य असे त्या आगाखानांचा महमूद १९३६ साली येथेच कठीण जमिनीवर २ मिनिटे ३३.८ सेकंदांत आला, आणि तो विक्रम १९९५ पर्यंत टिकला. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या 'सयाजीराव' नावाच्या घोड्याने १९४७ ची सेंट लेजर मारली व पुढल्याच वर्षी 'माय बाबू'ने न्यूमार्केटची दोन हजार गिनींची शर्यत जिंकली. इंग्लंडच्या हिरवळीवर मराठी राजाचे नाव घेऊन घोडा धावावा याचा आम्हांस लहानपणी मोठा अभिमान वाटे. आमच्या घरी मात्र तो मोठ्याने बोलून दाखविण्याची सोय नव्हती.

त्याचे कारण आमचे धाकटे चुलते. घोड्यांच्या शर्यती मुंबईस हिवाळ्यात आणि पुण्यास पावसाळ्यात, हा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा जुना परिपाठ. १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी केवळ शनिवार-रविवारी धावे, ती मुंबईच्या शौकीन मंडळींस शर्यतींसाठी सोयीची पडे. आमच्या काकांस गाडीचीही गरज नव्हती. श्रावणातल्या शनिवारी, घरात मारुतीस रुईची माळ निघाली की काका छत्री घेऊन कॅम्पात जात. ते आकाशाकडे फार पाहत. शेतकरी पाहतो त्याहून अधिक. त्यांच्यापाशी एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीत कोणता घोडा कोणत्या पावसात कसा धावला याची टिपणे बारीक मोडीत लिहिलेली असत. ती वही अचूक होती असे त्यांचे मित्र सांगत. नारायण पेठेतील त्यांच्या वाटणीच्या दोन खोल्या त्या वहीसह गेल्या. काकू त्यानंतर आमच्याकडे राहिली. पाऊस पडू लागला की ती माजघरातील खिडकी लावून घेई, एवढेच आम्हांस आठवते.

माथ्यावर एक बाक होते, ओलेच. त्यावर आम्ही बसलो. भाच्याने तेथे आपले सांगितले.

तीन वर्षांपूर्वी माघात, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, त्याने अशाच एका क्लासिक शर्यतीसाठी एका घोड्यावर बाराशे पौंड लावले. घोड्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; त्याचा काही अपराध नव्हता. भाव होता एकास पंचवीस. घोडा सपाट ढांगेचा, कोरड्या जमिनीचा भुकेला, आणि वसंत ऋतू कोरडा जाणार असा रंग होता. झालेही तसेच. मेमध्ये तो घोडा एक पूर्वपरीक्षेची शर्यत सहज जिंकला आणि त्याचा भाव एकास सहावर उतरला. "मामा, त्या आठवड्यात मी आईसाठी घर पाहायला सुरुवात केली होती. तिकीट नाही, घर!" मग शर्यतीच्या आधी तीन दिवस पाऊस लागला. शर्यतीच्या सकाळी घोड्याचा शिक्षक मैदान चालून आला आणि त्याने घोडा काढून घेतला.

"मग घोडा धावलाच नाही?" आम्ही विचारले.

"नाही."

"मग पैसे परत मिळाले असतील."

तो हसला. त्या हसण्यात आम्हांस आमचे काका दिसले, हे आम्ही त्यास सांगितले नाही.

हा नियम आमच्याप्रमाणे पुष्कळांस ठाऊक नसेल म्हणून लिहितो. शर्यतीच्या दिवशी, उतरणाऱ्या घोड्यांची अखेरची नावे ठरल्यावर लावलेली पैज घोडा काढून घेतल्यास परत मिळते. आणि त्याच्या अभावी इतरांचे काम सोपे झाले म्हणून त्यांच्यावर पैसे लावणाऱ्यांच्या जिंकलेल्या रकमेतून ठरावीक हिस्सा कापून घेतात. परंतु आठवडे किंवा महिने आधी, मोठ्या भावाच्या लोभाने लावलेली पैज सामान्यतः बुडते. मोठा भाव मिळतो तो याच धोक्याचा. घोडा लंगडला, खोकला, किंवा आभाळ भरून आले, तरी सट्टेवाल्यास त्याचे सुखदुःख नाही. अलीकडे शर्यत जवळ आली की 'न धावल्यास पैसे परत' अशी सवलत काही जण देतात, पण तेव्हा भावही तसाच आवळलेला असतो. आणि घोडा काढून घेणारा शिक्षक यात दोषी नसतो. २००९ साली एप्समची डर्बी जिंकलेला सी द स्टार्स आयर्लंडच्या डर्बीस उतरावयाचा होता. पावसाने जमीन मऊ झाली म्हणून त्यास उतरविले नाही, आणि फेम अँड ग्लोरी ती शर्यत जिंकला. घोड्याच्या हिताचा तो निर्णय होता. ज्यांनी आधीच पैसे लावले त्यांचे हित पाहणे कोणाच्याच कर्तव्यात बसत नाही.

"मग मी ठरवले," भाचा पुढे म्हणाला, "की पावसाने घेतले ते पावसाकडूनच परत घ्यायचे." पुढील दीड वर्ष त्याने फक्त भिजलेल्या मैदानांचा अभ्यास केला. वळूगणिक संततीचे तक्ते, मैदानाच्या काठीचे आकडे, ढगांचे नकाशे. काकांची वही मोडीत होती, याची यंत्रात; एवढाच भेद. निम्म्या वेळा त्याचे अनुमान बरोबर ठरे. तरीही पैसे जात राहिले.

हे कसे, याचा उलगडा आम्हांस एप्समच्याच इतिहासात सापडला. पाऊस पडला म्हणजे मोठमोठे घोडे आपटतात आणि कोणी अनामिक घोडा जिंकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण १८९१ साली मुसळधार पावसात झालेली डर्बी कॉमनने जिंकली, आणि तोच लोकांचा सर्वांत आवडता घोडा होता. एकास एकही पुरता मिळत नव्हता. १९२४ साली पावसाने या माळाचा असा चिखल केला की, प्रेक्षकांच्या मोटारी व बसगाड्या जागच्या जागी रुतून बसल्या. त्या दिवशी सॅन्सोव्हिनो सहा लांबींनी जिंकला; त्याचे धनी सतरावे लॉर्ड डर्बी. ज्या घराण्याच्या नावाची ही शर्यत, त्या घराण्यास ती १७८७ नंतर तेव्हाच पुन्हा मिळाली. तोही सर्वांचा आवडता घोडा, दोनास नऊ या भावाचा. १९८३ चा टीनोसो, लेस्टर पिगॉटची नववी व अखेरची डर्बी. तोही आवडता, भाव पुन्हा दोनास नऊ. टीनोसोने आधी लिंगफील्डच्या पूर्वपरीक्षेत भिजल्या जमिनीवर आपला गुण दाखविला होता, आणि ते सर्वांनीच पाहिले होते. म्हणजे पाऊस भाच्यास जितका दिसतो तितकाच सट्टेवाल्यासही दिसतो. ढग क्षितिजावर असतानाच चिखलातल्या घोड्याचा भाव आवळतो. आपण छत्री उघडेपर्यंत दुकानदाराने छत्रीची किंमत वाढविलेली असते. अनुमान खरे ठरूनही हाती काही लागत नाही, ते यामुळे.

उलट उदाहरण नाही असे नाही. आणि तेच फार ऐकविले जाते. २२ मे १८६७. मे महिन्यात एप्समवर बर्फाचा भुरका पडत होता. हेन्री चॅप्लिन या तरुण जमीनदाराच्या हर्मिट नावाच्या घोड्याच्या नाकातून आठवड्यापूर्वी रक्त वाहिले होते, म्हणून त्याचा भाव पंधरास हजार झालेला. याच चॅप्लिनची वाग्दत्त वधू लेडी फ्लॉरेन्स पॅजेट तीन वर्षांपूर्वी हेस्टिंग्जच्या मार्क्विसाबरोबर पळून गेली होती. आणि या मार्क्विसाने हर्मिट जिंकत नाही या खात्रीवर अमर्याद पैजा मारल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत शर्यत सुटेना. दहा वेळा चुकीची सुटली. अखेर सुटली आणि हर्मिट एका मानेच्या अंतराने जिंकला. मार्क्विसाचे सुमारे एक लक्ष वीस हजार पौंड गेले. पुढल्या वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो मरण पावला. हर्मिट बर्फामुळे जिंकला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु या गोष्टीत लोक हर्मिटवर पैसे लावणाऱ्याच्या जागी स्वतःस कल्पितात, मार्क्विसाच्या जागी कोणी नाही.

जमीन आणखीही खेळ करते. १९८९ च्या सप्टेंबरात डाँकास्टरला धावता धावता घोडे कोसळले. पाहतात तो हिरवळीखाली जमीन खचून पोकळ झालेली. सेंट लेजर तेथे रद्द करून काही दिवसांनी स्कॉटलंडात एअर येथे नेली. इंग्लंडची क्लासिक स्कॉटलंडात धावली ती त्याच वर्षी प्रथम. तेथील जमीन ओली आणि जड. मिशेलोझो तीत आरामात जिंकला. दोनशे वर्षांच्या वंशावळ्या, लाखो पौंडांची शिंगरे, आणि सर्व भिस्त वीतभर मातीवर!

बोलता बोलता आम्ही टॅटनहॅम कॉर्नरचे वळण उतरून खाली आलो. पाऊस वाढला होता. चालताना आमचाही पाय आतल्या कुंपणाकडे घसरू लागला, तेव्हा भाच्याने आमचा हात धरून आम्हांस वरच्या कडेला घेतले. तेथे चालणे खरोखरच सोपे होते.

स्टेशनाजवळ एका उपाहारगृहात आम्ही चहा घेतला. आम्ही विचारले, "शेवटची पैज केव्हा?"

"सात महिने झाले. तक्ते काढून टाकले. एवढे पावसाचे पाहणे जात नाही." त्याने फोन दाखविला. त्यावर एप्समचे पुढील दहा दिवसांचे हवामान होते.

"एकूण किती गेले?"

त्याने आकडा सांगितला. तो येथे छापण्याजोगा नाही. त्याच्या मातोश्री हे मासिक नियमित वाचतात. काय लिहावे आणि काय गाळावे हे त्यालाच विचारून आम्ही ठरविले आहे, आणि एवढे लिहिण्यास त्याने संमती दिली, हेही नमूद करतो.

आम्ही म्हणालो, "आईचे तिकीट आत्ता काढ. निम्मे आम्ही देतो, निम्मे तू. व्हिसा तिच्यापाशी आहेच."

त्याने फोनवर तारखा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. स्वस्तातले तिकीट आठवड्याच्या मधल्या वारांस मिळत होते, तरी त्याने जूनचा पहिला शनिवार घेतला. तो डर्बीचा दिवस. विमान दुपारी उतरावयाचे होते.

"त्या दिवशी मला हीथ्रोला जावेच लागेल," तो म्हणाला, आणि पैसे भरले. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. फलाटावर त्याने छत्री झटकली तेव्हा टोकाचा पांढरा खडू तसाच होता.